मध्ये लोखंड नाही

एवेलियो : तू कशाने पुसलेस ते काचेचे व्हॉल्व्ह?

सोराइदा : फडक्याने. माणसं कशाने पुसतात?

एवेलियो : कोरड्या फडक्याने?

सोराइदा : कोरड्याने तुझी वीस वर्षांची धूळ निघेल होय! बाटलीच्या तळाशी दोन घोट रम होती, ती ओतली फडक्यावर. घरी पाहुणा येणार, ऐंशी वर्षांचा माणूस, आणि तुझं गाण्याचं यंत्र काजळी धरलेल्या चुलीसारखं. आता बघ कसे चमकतायत सोळाच्या सोळा.

एवेलियो : त्या सोळांवर आकडे होते, सोराइदा. शाईचे. मी लिहिलेले.

सोराइदा : ते डाग? मला वाटलं झुरळांनी घाण केलीय.

एवेलियो : एक ते सोळा! झुरळांनी! ओळीने!

सोराइदा : ओरडू नकोस, खालपर्यंत ऐकू जातंय. लाव ना परत. सगळे सारखे तर दिसतात.

एवेलियो : जुळी भावंडंही सारखी दिसतात. अगं, मोडक्या रशियन टीव्हीतून काढलेला माल तो. एक कमी ओढतो, एक जास्त. टीव्हीच्या दुकानात नोकरीला होतो तेव्हा आठ महिने बसून मी त्यांच्या जोड्या लावल्या होत्या. चार वर, चार खाली. रस्सीखेच समज. दोन्हीकडचा जोर सारखा असला तर दोर मध्ये थांबतो. एक गडी चुकीच्या बाजूला गेला की दोर गेलाच.

सोराइदा : आणि जातो कुठे?

एवेलियो : स्पीकरमध्ये. सगळी वीज सरळ स्पीकरमध्ये. आतली गुंडाळी डोळ्याचं पातं लवायच्या आत जळून कोळसा. लोकांच्या यंत्रात व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, लोखंडाचा गठ्ठा, तो अडवतो. आपल्यात मध्ये लोखंड नाही.

सोराइदा : नाही, कारण तुझं लोखंड समुद्राच्या वाऱ्याने खाल्लं आणि अख्ख्या बेटावर दुसरं मिळेना. मिळालं असतं तर मी सुखी असते. ऑगस्ट महिन्यात बंद खोलीत सोळा शेगड्या पेटवणारा नवरा सगळ्या मातान्सास गावात माझ्याच नशिबी.

एवेलियो : मिळालं नाही म्हणून तर कळलं! दार लोटलेल्या खोलीतलं बोलणं बाहेरून ऐकावं, तसा आवाज येतो लोखंडातून. मी दारच काढून टाकलं.

सोराइदा : आणि स्पीकर जळला तर काय करणार? ह्या स्पीकरांसाठी त्या बंद पडलेल्या सिनेमावाल्याला आपण वर्षअखेरचं अख्खं डुक्कर दिलं होतं. लोक डुकराची मांडी खात होते आणि आपण भात नि काळा घेवडा.

एवेलियो : दुसरा नाही मिळायचा. ह्या यंत्राला असलेच जुने स्पीकर चालतात.

सोराइदा : मग आज नको लावूस. सेकुंदिनोला कॉफी देऊ, गप्पा मारू, जिन्यापर्यंत पोचवू. झालं.

एवेलियो : तुला तेच हवंय.

सोराइदा : हो, तेच हवंय! एकसष्ट वर्षं हे गाव म्हणतंय की फेर्मिन बासरीवाला रेकॉर्डिंगच्या दिवशी पिऊन आला, मध्येच त्याचा श्वास तुटला, आणि मास्तर बाल्दोमेरोने त्याला ऑर्केस्ट्रातून हाकलला. शाळेत पोरं माझ्यामागे झोकांड्या खात चालायची. तेही पचवलं मी. मग गेल्या वर्षी तू त्या दिवसाची तबकडी आणून लावलीस आणि मला हाक मारून सांगतोस, बासरी थांबते ना, तिथे कोणीतरी दोनदा ठक-ठक करतं!

एवेलियो : ऐकू आलं म्हणून सांगितलं.

सोराइदा : टेबलावर माणूस दोनदा काय ठेवतो? आधी बाटली, मग पेला. बाबांचा तो आवाज मी बारा वर्षं ऐकलाय स्वयंपाकघरातून.

एवेलियो : बाटली मी म्हटलं नाही.

सोराइदा : मी म्हणते.

एवेलियो : म्हणून तर सेकुंदिनोला बोलावलं. तो तिथे वाळक्या भोपळ्याचा गुइरो काडीने वाजवत होता. त्या खोलीतला आता तेवढाच जिवंत. तो सांगेल ठोका कशाचा ते.

सोराइदा : आणि म्हणाला, हो, बाटलीच, तर? मग मी बाबांच्या फोटोसमोर रविवारी फुलं ठेवू कशी, सांग.

एवेलियो : दार वाजतंय.

सोराइदा : आला. ह्या वयात माणसं उशीर का करत नाहीत! या, या, सेकुंदिनो. दार उघडंच आहे.

सेकुंदिनो : तीन जिने आहेत, पोरी. तिसऱ्यावर थांबून जरा तुमचं भांडण ऐकलं. दम खायला बरं पडलं.

सोराइदा : सगळं ऐकलंत?

सेकुंदिनो : डुक्कर ऐकलं. नंतरचं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, असं समज.

एवेलियो : बसा, इथे पंख्याखाली. म्हणजे पंखा बंद आहे. यंत्र चालू असताना मी पंखा लावत नाही, वीज कमी पडते. सोराइदा, जिन्यात सांगितलंस का?

सोराइदा : सांगितलंय. शेजारच्या मिर्ताने फ्रिज बंद केलाय. तळमजल्यावरची बाई अंडी उकडतेय, ती झाली की विजेची शेगडी बंद करते म्हणाली. ह्या घराची रीतच झालीय, सेकुंदिनो. हा बाबा गाणं लावणार म्हटलं की पाच बिऱ्हाडांचे फ्रिज बंद.

सेकुंदिनो : कोणी कुरकुर करत नाही?

सोराइदा : करतात ना. आणि मग जिन्यात बसून ऐकतात. ही घ्या कॉफी.

सेकुंदिनो : फेर्मिनची पोर. नाक त्याचंच. इंजिनियर, हे सगळं तू स्वतः बांधलंस?

एवेलियो : इंजिनियर कसला, टीव्ही दुरुस्त करायचो. आज आठच व्हॉल्व्ह लावतो. तबकडी जुनी, एक स्पीकर पुरे. पण आधी ह्या आठांच्या जागा शोधायच्यात, कारण आमच्या घरात काल स्वच्छता झाली.

सोराइदा : आता हे जन्मभर ऐकायचं.

एवेलियो : स्पीकर काढून त्याच्या जागी शेगडीची तार जोडतो. जळाली तर तार जळेल. मी व्हॉल्व्ह अदलाबदल करत जातो, तू मीटरचा काटा सांग. मला मोतीबिंदूने ते आकडे मुंग्यांसारखे दिसतात. शून्यावर आला की जोर सारखा झाला. लावू?

सोराइदा : लाव.

सेकुंदिनो : अरे वा. अरे वा! किती हळू पेटतात. चर्चमध्ये एकेक मेणबत्ती लावत जावं तसे.

एवेलियो : तापायला वेळ द्यायचा त्यांना. पंधरा मिनिटं. घाई केली की रुसतात. हां, सोराइदा?

सोराइदा : नव्वद.

एवेलियो : बाप रे. स्पीकर असता तर गेला होता. तिसरा आणि सहावा बदलू. फडकं दे, भाजतंय. आता?

सोराइदा : सत्तर. नाही, पलीकडे गेला. काटा उलट्या बाजूला पळाला.

एवेलियो : म्हणजे सहावा दांडगा आहे. त्याला खाली टाकू, समोर दुसरा दांडगा. तू होतास तिथेच बरा होतास रे, काय करणार, तुझं नाव धुऊन गेलं. आता?

सोराइदा : चाळीस. व्हॉल्व्हशी बोलतो, बघताय ना? माझ्याशी इतका गोड कधी बोलला नाही.

सेकुंदिनो : मीही भोपळ्याशी बोलायचो. बायको म्हणायची, तुझं डोकं आणि तो भोपळा, दोन्ही वाळके.

एवेलियो : आता?

सोराइदा : पंधरा.

एवेलियो : आलं, आलं. पहिला आणि आठवा. मला खात्री होती पहिल्याबद्दल. थांब, तापू दे. आता?

सोराइदा : पंधरा.

एवेलियो : अजून पंधराच? असं कसं? मग हा इथे टाकून बघतो, नाही, आधीचाच बरा होता. परत लावतो. आता?

सोराइदा : पंधराच आहे, म्हाताऱ्या. होत नाहीये. साडेतीन झाले, चारला वीज जाणार. बंद कर. सेकुंदिनो, तुम्ही पुढच्या महिन्यात या.

सेकुंदिनो : पोरी.

सोराइदा : काय?

सेकुंदिनो : मला जवळचं दिसत नाही. दूरचं चांगलं दिसतं. काटा शून्यावर आहे.

एवेलियो : सोराइदा?

सोराइदा : हो. शून्यावर आहे.

एवेलियो : केव्हापासून?

सोराइदा : मागच्या खेपेपासून. मला भीती वाटते, एवेलियो. घरातला एवढा एक ठोका मला नको झालाय.

सेकुंदिनो : तुझ्याइतकीच मलाही भीती वाटते. मी गप्प बसलो असतो तर मलाही सोयीचं होतं.

सोराइदा : तुम्हाला कसली भीती?

सेकुंदिनो : आधी वाजव, इंजिनियर. मग बोलू. नाहीतर मी उठून जाईन.

एवेलियो : तार काढली. हा स्पीकर जोडला. सोराइदा, इकडे ये, माझ्याजवळ उभी राहा. सुई ठेवतो.

(तबकडी फिरू लागते.)

सेकुंदिनो : ही तीच खोली.

एवेलियो : अजून वाजायला लागलेलं नाही.

सेकुंदिनो : तेच म्हणतोय. अजून सूर नाही आणि खोली आली. उंच छताची. भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या त्यांनी. खुर्ची करकरली ना आत्ता? तो पिओ, व्हायोलिनवाला. फार जाडा होता. अरे देवा, पिओ मरून चाळीस वर्षं झाली.

सोराइदा : हे सगळं तबकडीवर होतं?

एवेलियो : होतंच. पहिल्या दिवसापासून. दाराआड होतं.

सोराइदा : श्वास. बासरीच्या आधी श्वास घेतला कोणीतरी. ऐकलंस? बाबा. एवेलियो, हे बाबा आहेत.

एवेलियो : ऐक.

सोराइदा : बोटं वाजतायत. लाकडावर बोटं पडतायत त्यांची. कपाटाच्या जरा अलीकडे उभे आहेत, मी हात लांब केला तर लागतील. सात वर्षांची होते तेव्हा असेच उभे राहायचे खिडकीशी.

सेकुंदिनो : सूर किती वर गेलाय बघ. त्या उंचीवर कोणी जात नव्हतं. आम्ही खाली राहून नुसते बघायचो.

एवेलियो : आता येईल. हे इथे...

सोराइदा : थांबले. बाबा थांबले.

एवेलियो : ठक. ठक. ऐकलंत?

सोराइदा : उचल सुई. उचल म्हणते ना! सांगा, सेकुंदिनो. बाटली ना? सांगून टाका एकदाचं.

सेकुंदिनो : थोडं मागून परत लाव, इंजिनियर. आणि आता बासरी ऐकू नका, तिच्यामागचा गुइरो ऐका.

एवेलियो : गुइरो इथे ऐकू येत नाही. तिथे तबकडीची खरखर आहे नुसती. वर्षभर ऐकतोय मी.

सेकुंदिनो : तबकडीची खरखर सपाट असते. तिच्या पुढे, जरा जवळ, दुसरी एक आहे. वाळक्या भोपळ्यावर काडी फिरते तिची. लांब, आखूड-आखूड. लांब, आखूड-आखूड. मिळाली?

एवेलियो : नाही... हां. हां! ही काय! ही खरखर नाही, हा माणूस आहे! सोराइदा, ऐक, लांब, आखूड-आखूड. देवा रे, रोज समोर होता आणि मी धूळ समजत होतो.

सोराइदा : मलाही येतोय ऐकू. लांब, आखूड-आखूड. लांब... आखूड... हे काय? हा मागे पडला.

सेकुंदिनो : पडला.

सोराइदा : ढोलवालाही त्याच्यामागे चाललाय. सगळं विस्कटतंय.

सेकुंदिनो : आता फेर्मिन थांबला. बघ.

एवेलियो : ठक. ठक.

सोराइदा : लांब, आखूड-आखूड. सावरला. सावरला की तो!

सेकुंदिनो : ती टाच होती, पोरी. तुझ्या बापाच्या बुटाला नाल ठोकलेली असायची. बाटली नव्हती कुठेच. त्या दिवशी सकाळी त्याने पाणीसुद्धा मोजून प्यायलं होतं, सूर जड होतो म्हणून.

सोराइदा : गुइरोवर तुम्ही होतात.

सेकुंदिनो : मी होतो. एकोणीस वर्षांचा. ऑर्केस्ट्रात येऊन तीन आठवडे झालेले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला आणि माझा हात दगड झाला. कुठे आहे तेच कळेना. फेर्मिन त्या उंचीवर होता, डोळे मिटून. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, बासरी ओठांवरून काढली आणि टाच दोनदा आपटली. इथे ये, म्हणून. मी गेलो. मग तो पुन्हा वाजवायला लागला. बस, दोन मात्रा.

एवेलियो : आणि मास्तरांना फक्त बासरी थांबलेली कळली.

सेकुंदिनो : मास्तर व्हायोलिनच्या बाजूला. माझा भोपळा कोणाला ऐकू येतोय! तबकडीवरही कोणाला आला नाही. तू भेटेपर्यंत.

सोराइदा : आणि तुम्ही?

सेकुंदिनो : मूग गिळून बसलो.

सोराइदा : किती दिवस?

सेकुंदिनो : त्या ऑर्केस्ट्रात मी एकतीस वर्षं होतो.

सोराइदा : एकतीस वर्षं तुम्ही पांढरा कोट घालून वाजवत होतात, आणि माझे बाबा बंदरावर साखरेची पोती वाहत होते! आई रात्रंदिवस शिवणयंत्रावर. आणि आता माझ्या घरात बसून माझी कॉफी पिताय!

एवेलियो : सोराइदा.

सोराइदा : मला अडवू नकोस! एक शब्द बोलायचा होता ह्या माणसाने. मास्तर, चूक माझी. बस्स, इतकंच.

सेकुंदिनो : गेलो होतो. मास्तरांकडे नाही, फेर्मिनकडे. बंदरावर. म्हटलं, मी जाऊन सांगतो. त्याने पोतं खाली ठेवलं नाही. म्हणाला, दिलेल्या मात्रा मी परत घेत नाही, नीट वाजवत जा. मला ते सोयीचं होतं, पोरी. मी तेवढंच ऐकलं आणि घरी आलो. तो मोठा माणूस होता म्हणून मी लहान राहिलो तरी चाललं.

सोराइदा : आम्हालाही कधी सांगितलं नाही त्यांनी.

सेकुंदिनो : तो नंतर प्यायचा, हे मला माहीत आहे. नंतर.

सोराइदा : नंतर. हो, नंतरच. मी सात वर्षांची होते, मला काय कळणार आधी काय आणि नंतर काय. मी घरातली बाटली उचलून त्या दिवसावर ठेवली. गावाने ठेवली तशीच मीही ठेवली, एवेलियो. शेवटच्या आजारातसुद्धा मी त्यांना विचारलं नाही. मला वाटायचं, मला माहीत आहे.

एवेलियो : ये. बस इथे.

सेकुंदिनो : मी आज बघायला आलो होतो, तबकडी बोलते का. नसती बोलली तर कॉफी पिऊन गेलो असतो. खोटं कशाला सांगू. आता काय शिक्षा देशील ती दे.

सोराइदा : रविवारी दान्सोन नाचाच्या क्लबात सगळे म्हातारे जमतात. तिथे सांगा.

सेकुंदिनो : सांगतो. पण ऐंशी वर्षांच्या माणसाचं कोण खरं मानणार? म्हणतील, सेकुंदिनोची बुद्धी फिरली. यंत्र तिथे नेता येईल का, इंजिनियर?

एवेलियो : चाळीस किलो आहे. आणि जिन्यावर एक धक्का लागला की आठच्या आठ पुन्हा अनोळखी. शिवाय क्लबात फ्रिज कोण बंद करणार?

सोराइदा : यंत्र कुठे जात नाही. माणसं इथे येतील. ह्या खोलीत दहा मावतात. दहा-दहा करून बोलवा सगळ्यांना. उकडलं तर उकडू दे. खुर्च्या मी मिर्ताकडून आणते.

सेकुंदिनो : माझ्यासाठी नको आणूस. मी उभा राहून सांगेन.

एवेलियो : चारला पाच कमी आहेत. बंद करू? व्हॉल्व्ह गरम असताना वीज गेली तर त्यांना सोसत नाही.

सोराइदा : थांब. त्या दोन ठोक्यांच्या पुढे काय आहे? मी कधी तिथवर थांबलेच नाही. दर वेळी तबकडी लागली की उठून जायचे.

एवेलियो : पाच मिनिटं आहेत फक्त.

सोराइदा : तेवढं लाव.

सेकुंदिनो : लाव, इंजिनियर. पुढे त्याने फार सुंदर वाजवलंय.